बंदी असलेल्या संघटनेच्या बाजूने लिहिलेली एक ओळ : मत कुठवर आणि गुन्हा कुठून?

प्रश्न : राज्यशास्त्राचा शिक्षक, लक्ष्मीनगर

नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो आणि यंदा शिस्तपालन समितीवर माझी नेमणूक झाली आहे. समितीपुढे आलेल्या एका तक्रारीच्या निमित्ताने हा प्रश्न येथे मांडत आहे. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील मुद्दाम वगळले आहेत.

२१ मे २०२५ रोजी छत्तीसगडच्या नारायणपूर जिल्ह्यात भारतीय कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) या संघटनेचा सरचिटणीस बसवराजू चकमकीत मारला गेला. त्यानंतर आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याने व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर त्याचे छायाचित्र ठेवले आणि खाली 'लाल सलाम, तुमचे रक्त वाया जाणार नाही' एवढेच लिहिले. स्टेटस ठरल्याप्रमाणे चोवीस तासांत नाहीसे झाले, मात्र त्याचा स्क्रीनशॉट राहिला. त्याच मजल्यावर गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील एक विद्यार्थी राहतो. त्याच्या काकांना नक्षलवाद्यांनी पोलिसांचा खबऱ्या ठरवून घरातून ओढून नेले आणि मारले. तक्रार त्याची आहे. उन्हाळी परीक्षांच्या धामधुमीत ती प्राचार्यांच्या टेबलावर पडून राहिली आणि नवे सत्र सुरू झाल्यावर आमच्याकडे आली. तक्रारीतले एक वाक्य जसेच्या तसे देतो : 'माझ्या काकाच्या मारेकऱ्यांच्या पुढाऱ्याला शेजारच्या खोलीतून सलाम केला जातो आणि मी त्याच मुलाच्या पंगतीला बसून जेवायचे, हे माझ्याने होणार नाही.'

समितीत सरळ दोन तट पडले आहेत. काहींच्या मते संघटनेवर बंदी असताना तिच्या नेत्याला सलाम करणे हाच गुन्हा आहे, तेव्हा प्रकरण पोलिसांकडे देऊन आपण मोकळे व्हावे. दुसरे म्हणतात की ते एक मत होते, कितीही कडू असले तरी मतच, म्हणून तक्रार निकाली काढावी. मला दोन्ही भूमिका घाईच्या वाटतात. दहशतवादी संघटनेविषयी नुसती सहानुभूती व्यक्त करणे आपल्या कायद्यात गुन्हा ठरते का, आणि ठरत असेल तर कोणत्या टप्प्यावर, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

उत्तर १ : वकील, सिव्हिल लाइन्स

सर, सुरुवात संविधानापासून करतो, पण तेथे फार रेंगाळत नाही. अनुच्छेद १९(१)(क) ने दिलेल्या भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यावर १९(२) मधील मोजक्या कारणांसाठीच वाजवी निर्बंध घालता येतात. त्यांपैकी सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी ही कारणे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आली, तर भारताची सार्वभौमता व एकात्मता हे कारण १९६३ च्या सोळाव्या दुरुस्तीने आले. दहशतवादाचे समर्थन असे वेगळे कारण या यादीत नाही. त्यामुळे अशा समर्थनाला शिक्षा सांगणाऱ्या प्रत्येक कायद्याला यादीतील एखाद्या कारणाचा आधार घ्यावा लागतो आणि तो आधार खरोखर आहे का, हेच न्यायालये तपासत आली आहेत.

तुमच्या प्रकरणाशी सर्वांत जुळणारा निवाडा बलवंत सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९९५) हा आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी, म्हणजे इंदिरा गांधींची हत्या झाली त्याच दिवशी, चंदीगडमध्ये एका चित्रपटगृहाजवळ दोन सरकारी कर्मचाऱ्यांनी 'खालिस्तान झिंदाबाद'च्या घोषणा दिल्या. याहून वाईट वेळ शोधूनही सापडली नसती. तरीही दोघांनीच एकदोनदा दिलेल्या त्या घोषणांना आजूबाजूच्या लोकांनी प्रतिसाद दिला नाही आणि सुव्यवस्थेला धक्का लागला नाही, हे पाहून सर्वोच्च न्यायालयाने राजद्रोहाची शिक्षा रद्द केली. त्याआधी १९८९ मध्ये एस. रंगराजन प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले होते की बोलणे आणि धोका यांचा संबंध बंदुकीच्या दारूच्या कोठारात पडलेल्या ठिणगीइतका थेट असला पाहिजे. पुढे २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द करताना न्यायालयाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या सांगितल्या आणि निर्बंध तिसऱ्या पायरीवरच लागू होतो, असे ठरवले. ती याचिका ज्यामुळे उभी राहिली ती पालघरची अटक आठवत असेल. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एका मुलीने फेसबुकवर काही लिहिले, दुसरीने त्याला पसंती दर्शवली आणि दोघींना अटक झाली.

आता यूएपीएकडे, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाकडे येतो, कारण पोलीस पाहतील तो हाच कायदा. माओवादी पक्ष २००९ पासून त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे दहशतवादी संघटनांच्या यादीत आहे. कलम ३८ संघटनेच्या सदस्यत्वासाठी, कलम ३९ पाठिंब्यासाठी, आणि दोन्हींत दहा वर्षांपर्यंत कारावास. परंतु कलम ३९ कोणत्याही पाठिंब्याला लागू होत नाही. संघटनेच्या कारवाया पुढे नेण्याच्या हेतूने पाठिंबा मागणे, त्यासाठी सभा भरवणे किंवा सभेत तसे आवाहन करणे, एवढ्याच गोष्टी त्यात येतात. केरळमधील दोन तरुणांच्या घरी माओवादी साहित्य सापडले तेव्हा थ्वाहा फसल प्रकरणात (२८ ऑक्टोबर २०२१) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ संबंध किंवा पाठिंबा असून भागत नाही, कारवाया पुढे नेण्याचा हेतू प्रथमदर्शनी तरी दिसला पाहिजे. सदस्याची गोष्ट वेगळी आहे. नुसते सदस्यत्व गुन्हा नाही, हा अरूप भुयान प्रकरणातील २०११ चा निकाल २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने फिरवला, तेव्हापासून बंदी असलेल्या संघटनेचे जाणूनबुजून सदस्य राहणे हाच गुन्हा आहे, मग त्या माणसाने स्वतः हिंसा केलेली असो वा नसो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाचा ५ मार्च २०२४ चा निकाल तर तुमच्या समितीतील प्रत्येकाने वाचावा. माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपावरून शिक्षा झालेले प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांना निर्दोष सोडताना खंडपीठाने म्हटले की माओवादी विचारसरणीचे साहित्य इंटरनेटवरून उतरवून घेणे, किंबहुना त्या विचारसरणीविषयी सहानुभूती बाळगणे, हा स्वतःहून गुन्हा होत नाही. एखाद्या विशिष्ट हिंसक कृत्यातील सक्रिय सहभाग दाखवणारा ठोस पुरावा त्यासाठी हवा.

एवढ्यावर थांबलो तर उत्तर फारच गोड होईल. साईबाबांच्या मे २०१४ मधील अटकेपासून त्या निकालापर्यंत जवळपास दहा वर्षे गेली. त्यातले जामिनाचे दोन काळ वगळता ते कारागृहातच, आणि बहुतेक काळ आपल्या मध्यवर्ती कारागृहात होते. सहआरोपींपैकी एकाचा २०२२ मध्ये कोठडीत असतानाच मृत्यू झाला. साईबाबांचे १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, सुटकेनंतर सुमारे सात महिन्यांनी निधन झाले. अशा खटल्यांत निकालाआधीच वर्षे जाऊ शकतात, कारण यूएपीएच्या कलम ४३-ड(५) नुसार आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाकारायचा असतो आणि सर्वोच्च न्यायालयाच्या वटाली प्रकरणातील निकालानंतर (२०१९) जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची चिरफाड करायलाही वाव उरलेला नाही. कलम ३८ आणि ३९ या कडक जामिनाच्या कक्षेत येतात. म्हणून माझे मत सांगतो : आपल्याकडे मत आणि गुन्हा यांच्यातली रेघ सर्वोच्च न्यायालयाने पुरेशी ठळक ओढली आहे, पण सामान्य माणसाच्या आयुष्यात ती रेघ गुन्हा नोंदवणारा ठाणेदार आणि रिमांड देणारे न्यायालय ओढते. निकालाची वेळ येईपर्यंत त्या मुलाची पदवी, नोकरी आणि घर या तिन्हींचे वाटोळे झालेले असते. तुमच्या सहकाऱ्यांना वाटणारे 'पोलिसांकडे देऊन मोकळे होणे' कोणासाठी मोकळे होणे आहे, हे त्यांना विचारा.

उत्तर २ : निवृत्त पोलीस अधिकारी, काटोल रोड

वकीलसाहेबांनी कायदा चोख सांगितला. त्याला आव्हान देण्याची माझी पात्रता नाही. पण माझी बरीच नोकरी गडचिरोली जिल्ह्यात झाली आहे आणि तेथे शब्द काय काम करतात, हे येथे कोणीतरी लिहायला हवे.

खबऱ्या ठरवून मारलेल्या माणसाचे प्रेत गावाबाहेरच्या रस्त्यावर मिळते आणि शेजारी दगडाखाली दाबून ठेवलेले पत्रक असते. लाल शाईत हाताने लिहिलेले, खाली दलमचे, म्हणजे त्यांच्या सशस्त्र तुकडीचे नाव. त्यात मृताचा 'अपराध' लिहिलेला असतो, शहीद झालेल्या साथीदारांना सलाम असतो आणि बदल्याचे वचन असते. ते पत्रक पंचनाम्यात जाते, पण त्याआधी गावातल्या प्रत्येकाने ते वाचलेले असते. त्यानंतर सरपंच राजीनामा देतो, पोलीस भरतीची तयारी करणारी मुले सराव बंद करतात आणि नक्षल सप्ताहात एसटीची फेरी आपोआप थांबते. त्या पत्रकात स्फोटके कुठे पुरायची याचा एकही शब्द नसतो, तरी त्याने जे साधायचे ते साधलेले असते. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात आमचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले. त्यानंतर त्या भागात लागलेल्या प्रत्येक फलकाला आम्ही निव्वळ मत म्हणावे, अशी अपेक्षा कोणी करत असेल तर ते मला पटणार नाही.

आता सरांच्या विद्यार्थ्याने लिहिलेले वाक्य पाहा. 'तुमचे रक्त वाया जाणार नाही.' त्याने ते कुठून तरी वाचून उचलले असावे, हे मला मान्य आहे, कारण विशीतल्या मुलांना असली वाक्ये भारी वाटतात. पण शेजारच्या खोलीतल्या मुलाने हेच वाक्य आपल्या काकाच्या प्रेताशेजारी वाचले असण्याची शक्यता कोणी विचारात घेतली आहे का? ज्याला आपण अभिव्यक्ती म्हणतो ती त्याच्या कानावर धमकी म्हणून पडते. न्यायालयाचे निकाल बोलणाऱ्याच्या हेतूकडे पाहतात आणि ते योग्यच असेल, तथापि ऐकणाऱ्याने त्याआधी काय सोसले आहे याचा हिशेब त्यात फारसा येत नाही. त्या मुलावर यूएपीए लावावा असे मी म्हणत नाही. तसे करणारा अधिकारी खऱ्या भरती करणाऱ्यांच्या मागे लागायचे सोडून सोपे सावज शोधतो, हे मी नोकरीत पाहिले आहे. पण त्याचे इतर कोणते संपर्क आहेत का, कोणी त्याला हे साहित्य नेमाने पाठवते का, हे विचारण्याला लगेच दडपशाही म्हणू नये. शहरातून माणसे उचलण्याचे काम आधी गाण्यांतून, मग वाचन मंडळांतून आणि नंतर 'एक निरोप पोहोचवशील का' अशा विनंतीतून होते. पहिल्या दोन गोष्टी गुन्हा नाहीत. तिसरी आहे.

उत्तर ३ : मूळचा रामदासपेठेचा, सध्या लीड्स

इंग्लंडमधील अनुभव थोडक्यात देतो, कारण हेतूची अट काढली तर काय होते ते येथे डोळ्यांसमोर घडते आहे. २००० च्या दहशतवादविरोधी कायद्यातील कलम १२ पूर्वी बंदी असलेल्या संघटनेसाठी पाठिंबा मागण्याला गुन्हा मानत असे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात आणखी एक प्रकार जोडला : संघटनेला अनुकूल असे मत व्यक्त करणे आणि त्यामुळे ऐकणारा तिच्याकडे ओढला जाईल याची पर्वा न करणे. कलम १३ तर त्याहून सोपे आहे, त्यात समर्थनाचा संशय येईल असा मजकूर किंवा चिन्ह सार्वजनिक ठिकाणी दाखवणे पुरते. जुलै २०२५ मध्ये सरकारने पॅलेस्टाइन ॲक्शन या गटावर बंदी घातली आणि ९ ऑगस्टला लंडनच्या पार्लमेंट चौकात, हातात पाठिंब्याचे फलक धरून बसलेल्या पाचशेहून अधिक लोकांना एकाच दिवशी अटक झाली. त्यांत पेन्शनर मंडळींचा मोठा भरणा होता. अशा लोकांना उचलण्यात गुंतलेले पोलीस दुसरीकडे कमी पडले असतील, ही शंका माझी एकट्याची नाही.

अमेरिकेने दुसरे टोक धरले आहे. ब्रँडेनबर्ग प्रकरणापासून (१९६९) तेथे तत्काळ बेकायदा कृत्य घडवून आणण्याच्या उद्देशाने दिलेली आणि तसे घडण्याचा संभव असलेली चिथावणीच दंडनीय आहे. मात्र २०१० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयानेच असेही ठरवले की बंदी असलेल्या परकीय संघटनेशी संगनमत करून तिला कायदेशीर सल्ला किंवा प्रशिक्षण देणेही गुन्हा ठरू शकते. स्वतंत्रपणे कितीही स्तुती करा, तिच्यासाठी काम करू नका, अशी ती विभागणी आहे. अधिकारी महोदयांनी शेवटी सांगितलेली तिसरी पायरी जवळजवळ हीच म्हणावी लागेल.

उत्तर ४ : वाचक, धंतोली

एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. समर्थन हा आरोप आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. ३० जुलै २०१५ रोजी याकूब मेमनला येथे आपल्याच कारागृहात फाशी झाली, तेव्हा फाशीची शिक्षाच नको म्हणणारे, दयेचा अर्ज पुन्हा विचारात घ्यावा म्हणणारे आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांचे खरोखर समर्थन करणारे अशा सगळ्यांना एकाच टोपलीत टाकले गेले. तिसऱ्या प्रकारची माणसे मला तरी भेटली नाहीत, पहिल्या दोन प्रकारची मात्र या शहरात पुष्कळ होती आणि त्यांना महिनोन्‌महिने ऐकून घ्यावे लागले. शिक्षेला विरोध, तपासातील चुकांवर टीका, सरकारच्या लष्करी कारवाईवर नाराजी आणि दहशतवादी कृत्याचे कौतुक या चार वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतली फक्त शेवटची या धाग्याचा विषय आहे.

पुण्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीचे प्रकरण सरांना माहीत असेलच. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरविषयी दुसऱ्याची पोस्ट तिने पुढे पाठवली, टीका होताच काढून टाकली आणि माफीही मागितली. तरी महाविद्यालयाने तिला काढून टाकले आणि पोलिसांनी अटक केली. मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन देताना सरकार आणि महाविद्यालय या दोघांनाही खडसावले आणि तिला परीक्षेला बसता येईल असे पाहिले. महाविद्यालयाने तिची बाजू ऐकून न घेताच तिला काढले होते, हा मुद्दा तुमच्या समितीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

जाता जाता : जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाकडेही पाहून ठेवावे. येथल्याच हिवाळी अधिवेशनात, डिसेंबर २०२४ मध्ये, ते संयुक्त समितीकडे गेले होते आणि त्यावर बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. बोललेले किंवा लिहिलेले शब्द, चिन्हे आणि दृश्य स्वरूपातील मजकूर यांनाही त्यातील बेकायदा कृत्याच्या व्याख्येत जागा आहे. ती व्याख्या मला तरी फार सैल वाटते.

प्रश्नकर्ता, पुन्हा

सर्वांचे मनापासून आभार. अधिकारी महोदयांचे उत्तर मी समितीत वाचून दाखवले आणि पहिल्यांदाच दोन्ही तटांची मंडळी थोडा वेळ गप्प झाली. विद्यार्थ्याशीही बोललो. ती ओळ त्याने एका चॅनेलवरून उचलली होती. बसवराजूविषयी त्याला फारसे काही सांगता आले नाही, पण आदिवासींच्या जमिनी आणि खाणी यांवर तो अर्धा तास पोटतिडकीने बोलत होता. शेजारच्या मुलाच्या काकांविषयी त्याला काहीच ठाऊक नव्हते. कोणाशी संपर्क, पैसे, निरोप असे काही आढळले नाही. प्रकरण पोलिसांकडे न देण्यावर आता बहुमत आहे. वकीलसाहेब, समितीच्या टिपणात काय लिहावे आणि काय टाळावे, एवढे कृपया सांगावे.

उत्तर : वकील, सिव्हिल लाइन्स

सर, टिपण असे लिहा की उद्या ते कोणत्याही फायलीत गेले तरी त्यातून भलताच अर्थ निघू नये. स्टेटसचे शब्द अवतरणात जसेच्या तसे द्या, तारीख द्या, ते किती वेळ आणि कोणाला दिसत होते हे द्या. त्यात संघटनेत सामील होण्याचे, पैसे देण्याचे किंवा काही करण्याचे आवाहन होते का, याचे उत्तर एका वाक्यात लिहा. 'नक्षलवादी विचारांचा', 'देशविरोधी प्रवृत्तीचा' असली विशेषणे एकही नकोत. ती तुमचे निरीक्षण म्हणून लिहिली जातील आणि वाचणारा ती पुरावा म्हणून वाचेल. त्याचे म्हणणे त्याच्या अक्षरात घ्या आणि त्यावर त्याचीच सही घ्या.

तक्रारदाराचा भाग वेगळ्या परिच्छेदात ठेवा. त्याला झालेला त्रास खरा आहे आणि त्यावर उपाय करणे महाविद्यालयाच्या हातात आहे : खोली किंवा मजला बदलून देणे, तोही त्याला हवा असेल तरच, आणि दोघांची इच्छा असेल तर तुमच्या उपस्थितीत समोरासमोर बोलणे. जबरदस्तीचा माफीनामा लिहून घेऊ नका. पुढे कोणी कज्जा केलाच तर तो माफीनामा गुन्ह्याची कबुली म्हणून पुढे केला जातो.

राहिला मोबाइल. तो तपासण्याचा अधिकार समितीला नाही, विद्यार्थ्याने स्वतःहून पुढे केला तरी हातात घेऊ नका. स्क्रीनशॉटची मूळ प्रत ज्याने काढली त्याच्याकडेच राहू द्या आणि टिपणाला फक्त छापील प्रत जोडा. उद्या न्यायालयात लागलीच तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र देण्याची जबाबदारी त्याची असेल, तुमची नाही. वसतिगृहाच्या व्हॉट्सॲप गटावर ती प्रत अजून फिरत असेल, तर ती काढून टाकण्याची सूचना गृहपालांनी आजच लेखी द्यावी.